पाच हळदी आणि एक अर्धा धवला

घणसोली गाव,
रविवार, दुपार. लाइट गेलीय, पंखा बंद.

तीर्थरूप गोजराआतेस,

नमिताचा वाकून नमस्कार, आणि वाकलेच आहे तर दोन्ही कानही धरलेत असं समज. तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या, गच्चीवरची गळकी टाकी आणि तुझा राग, चौघांची तब्येत कशी आहे ते कळव. त्यातल्या रागाची जरा कमी बरी असली तरी आम्हाला चालेल. इकडे सगळे मजेत. आई ठीक. पप्पांचं बीपी सकाळी माझ्यामुळे वर जातं आणि संध्याकाळी गोळीमुळे खाली येतं, त्यामुळे दिवसाची सरासरी चांगली आहे. मी पण ठीक, फक्त पिवळी आहे. त्या पिवळेपणाबद्दलच लिहायचंय.

पण आधी कागदावर का लिहितेय ते सांगते. तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, आणि मी स्वतः तुझ्या करावे गावात आले तर दारातून झाडू दाखवशील असा निरोप मासळीवालीकडून पाठवलास. मग कागदच उरला. तुला वाचता येत नाही, मला माहितीय. हे पत्र तुला तुझी सून वाचून दाखवेल. नियम एकच, जे कंसात येईल ते रुतिकावहिनीने मनात वाचायचं. (वहिनी, आतेला ब्लॉक करायला कोणी शिकवलं ते मला कळलंय. आपण नंतर बोलू. आणि प्लीज, 'कंस सुरू' असं मोठ्याने वाचू नकोस.)

तर मुद्दा. माझं लग्न झालेलं नाही. ठरलेलं नाही. ठरायच्या बेतातही नाही. तुला कोणीतरी येऊन सांगितलं की घणसोलीला नमीची हळद झाली आणि सख्ख्या आतेला, ती पण हळदीत-लग्नात धवले गाणारी, पंचक्रोशीतली सगळ्यात मोठी धवलारीण, तिला साधं विचारलंसुद्धा नाही. मग दुसऱ्या आठवड्यात कळलं की परत झाली. मग तिसरी. चौथ्या हळदीनंतर तू मला ब्लॉक केलंस. आते, चार हळदी झाल्या हे खरंय. चारही हळदी मलाच लागल्या हे पण खरंय. पण एकाही हळदीला नवरा नव्हता. गाण्याचा क्लास होता.

आता श्वास घे, वहिनीला पाणी आणायला सांग आणि नीट ऐक.

अर्पिता तुला आठवते ना, माझी कॉलेजची मैत्रीण, ब्लू हेरॉन टॉवरमधली, जी आपल्याकडे जवळ्याची चटणी खाऊन रडली होती. ती अकरा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली आणि त्याचा उपयोग वर्षातून एकदा, सोसायटीच्या गणपतीत. मी पाच वर्षं साहित्य शिकले आणि त्याचा उपयोग तेवढाही नाही. दोघी आपल्या जिन्यात बसून यावर चर्चा करत होतो. आपला जिना म्हणजे काय, वरच्या तीन मजल्यांवर दहा भाड्याच्या खोल्या, आणि दहा खोल्यांतली तेवीस पोरं संध्याकाळी त्याच जिन्यावर एका फोनमध्ये डोकी घालून बसतात. आम्ही रडगाणं गात होतो आणि वरच्या पायरीवरून कोणीतरी डिटर्जंटची जाहिरात गात होतं. नुसती जाहिरात गं, पण अर्पिता उठून दोन पायऱ्या वर चढली. मग म्हणाली, ही कोण?

ती काशी. बारा वर्षांची, सगळ्यात वरच्या खोलीतली. तिचे वडील ज्योतिबा एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतात, बीडकडचे आहेत. आई टॉवरमध्ये पोळ्या करते. तिचा गळा मी तुला लिहून सांगू शकत नाही. अर्पिताने तिथेच ठरवलं की तेवीसच्या तेवीस पोरांना गाणं शिकवायचं, फुकट, दर शनिवारी पाच ते सात. मी म्हटलं, मी तंबोरा पुसेन.

फुकट हा शब्द फार वाईट आहे हे तेव्हा कळलं. पैसे मागितले असते तर लोकांनी घासाघीस केली असती आणि पोरं पाठवली असती. फुकट म्हटल्यावर सगळे सावध झाले. एका आईने विचारलं, पार्टी कुठली? दुसरीने विचारलं, पुढे काय विकणार? तिसरीला वाटलं आम्ही पोरांचे फोटो काढून परदेशात पाठवतो. (वहिनी, फोटो काढले, पण अर्पिताने एकसुद्धा कुठे टाकला नाही, सगळ्यांचे डोळे मिटलेले आलेत.) ज्योतिबा मात्र यातलं काही बोलला नाही. त्याने डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, झटकलं, आणि म्हणाला, "पाठवतो ताई. पण मला ऐकायला बोलवू नका. गाणं ऐकून पोतं हलकं होत नाही."

क्लास सुरू झाला ब्लू हेरॉनच्या क्लबहाऊसमध्ये, कारण अर्पिताच्या घरच्यांचं वर्षाचं बुकिंग होतं. सामान म्हणजे एक पेटी, तिची एक काळी पट्टी कायमची बसलेली, एक ढोलक, आणि दोन कीबोर्ड, टॉवरमधल्या पोरांनी टाकलेले, त्यातला एक मनाला येईल तेव्हा स्वतःचं स्वतः वाजायला लागतो. अर्पिता म्हणाली 'सा' धरा, तर पोरांना वाटलं स्पर्धा आहे, कोण सोडतच नाही, लाल होऊन एकमेकांकडे बघतायत. आवाज लहान करायला मात्र शिकवता आलं नाही. ज्यांची घरं मार्केटवर चालतात त्यांचा आवाज पहिल्यापासूनच लिलावाच्या पट्टीत असतो.

तीन शनिवार गेले आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. क्लबहाऊसच्या दाराबाहेरच्या तेवीस जोड चपलांचा. खाली लिहिलेलं, ही आपलीच सोसायटी आहे ना? पोरांचा नाही, गाण्याचा नाही, चपलांचा फोटो. मग कमिटीने आम्हाला बोलावलं. सेक्रेटरी फार सभ्य माणूस, त्याने सरबत दिलं आणि विचारलं की पोरांना शांतपणे गाणं शिकवता येईल का. मी विचारलं, शांतपणे म्हणजे? तो म्हणाला, आवाज न करता. त्याच क्लबहाऊसमध्ये रोज सकाळी झुंबा चालतो, भिंतीवरचं घड्याळ हलतं, पण तो फिटनेस आहे. मग माझं डोकं फिरलं आते. मी त्याला सांगितलं की जिथे तुमचं क्लबहाऊस आहे तिथे आमचं खळं होतं, माझ्या आतेने इथे भात झोडलंय, झोडताना गायलीय, आणि तेव्हा खाडीपर्यंत ऐकू जायचं, खाडीने कधी तक्रार केली नाही. तो सरबताचा ग्लास उचलत म्हणाला, "मॅडम, आता ते आमच्या नावावर आहे." बरोबर होतं त्याचं. मी सरबत अर्धं ठेवून उठले. (वहिनी, पूर्ण प्यायले. कोकम होतं. पण आतेला अर्धंच सांग.)

मग क्लास आपल्या अंगणात आला. एप्रिलचं ऊन, पाच वाजतासुद्धा फरशीवर पाय ठेववत नाही. शेजारी पुतळाबाईच्या नातवाची हळद आदल्या आठवड्यात झाली होती आणि मांडव अजून उभा होता, पिवळं कापड, आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, सगळं. मांडववाला न्यायला आला नव्हता. बांबू इकडे सरकवले, दोऱ्या ओढल्या, अर्धा मांडव आपल्या अंगणावर आला. ढोलकवाल्या पोरीने थाप मारली.

आता तूच सांग आते. वैशाखाचे दिवस, गावठाणात मांडव, त्याच्यावर आंब्याचे टाळे, आत ढोलक. आपल्या लोकांनी दुसरं काय समजायचं? पंधरा मिनिटांत पुतळाबाई हिरवं लुगडं नेसून, नारळ घेऊन हजर. मागून सहा बायका. मागून अजून आठ. कोणीतरी हळद वाटून आणलेली. कोनाची हलद हाय गो, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घरात बिनलग्नाचं कोण आहे ते बघितलं. मी होते. मी ओरडून सांगत होते की क्लास आहे, क्लास आहे, पण हळदीत नवरी जे ओरडते ते कोणी कधी ऐकलंय? चार हातांनी मला पाटावर बसवलं. अर्पिता बिचारी भूप शिकवत होती, ती न थांबता शिकवत राहिली. तिला वाटलं ही आपल्याकडची क्लास सुरू करायची पद्धत असेल.

आणि तेवढ्यात टॉवरमधून कोणीतरी फोन केल्यामुळे हवालदार आला. मोटारसायकल लावली, मांडव बघितला, पिवळी मी बघितली, तेवीस पोरं 'ग प ग रे' करतायत ते बघितलं. म्हणाला, हळद आहे होय, मग चालू द्या, सातपर्यंत आटपा. चहा घेतला, पोरांना 'छान' म्हणाला आणि गेला.

आते, मी पाटावर बसले होते, कानात हळद गेलेली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या शहरात पोरांच्या गाण्याला परवानगी लागते. भाड्याच्या खोलीतल्या पोरांच्या गाण्याला तर सरबत पिऊन नाही म्हणतात. पण हळदीला कोणी नाही म्हणत नाही. टॉवर नाही, गाव नाही, हवालदार नाही. मग ठरवलं, ठीक आहे. तुम्हाला हळद चालते ना? दर शनिवारी हळद.

त्यानंतरच्या तीन हळदी मी जाणूनबुजून लावून घेतल्या. हे मी लपवत नाही आणि मला लाजही वाटत नाही. शनिवारी चारला पुतळाबाई यायची, पावणेपाचला मी पिवळी, पाचला सा रे ग. बायका बाजूला बसून पान खात ऐकायच्या. ज्या आयांना फुकटच्या क्लासचा संशय होता त्या हळदीचं आमंत्रण म्हटल्यावर नवी साडी नेसून पोरं घेऊन आल्या. तेवीसची एकेचाळीस झाली. बेंजो पार्टीतला आपला मिथुन लग्नांचा सीझन सोडून शनिवारी संध्याकाळी येऊन ताल शिकवायला लागला, कारण त्याला वाटलं गावात एवढ्या हळदी होतायत आणि आपल्याला ऑर्डर कशी नाही, बघायला आला आणि अडकला. फक्त माझा रंग काही जाईना. महापेच्या एका ऑफिसात इंटरव्ह्यूला गेले तर त्या बाईंनी पहिलं विचारलं, कावीळ? मी म्हटलं, हळद. त्या म्हणाल्या, मग लग्नाची सुट्टी कधी लागेल? मी म्हटलं, माहीत नाही, दर शनिवारी असते. नोकरी गेली ती गेलीच.

पण गावाने मोजायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवर पप्पांना विचारायला लागले की जावई काय करतो, आणि तो प्रत्येक वेळी पळून जातो का. चौथ्या हळदीनंतरच्या रविवारी, म्हणजे मागच्या रविवारी, शिवाकाकांनी देवळासमोर गावकी बसवली. शिवाकाकांना तू लहानपणापासून ओळखतेस, गावकीचा मान त्यांच्याकडे आल्यापासून ते खुर्चीत मागे टेकत नाहीत. ते उभे राहून म्हणाले, "चार हलदी झाल्या, लगीन एकपन नाय. हलद म्हंजे काय फेसपॅक हाय?" लोक हसले. मी पण हसले, वाक्य चांगलं होतं. मग त्यांनी खरं काढलं. म्हणाले की हा मांडव आपला, देव आपला, हळद आपली आणि आत बसवलीत सगळी भाडोत्र्यांची पोरं. गाणं शिकवायचं तर गावच्या पोरांना शिकवा.

तेव्हा मात्र मी उठले. पप्पा चपलांकडे बघत होते, त्यांना माहीत होतं मी उठणार. मी म्हटलं, "भाडं घेताना ती पोरं आपली, आणि गायला लागली की परकी?" तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरावर दोन-तीन मजले भाडोत्री आहेत. शिवाकाकांच्या घरावर चार आहेत. मी अजून पण बरंच बोलले. मी म्हटलं, टॉवरवाल्यांनी चपलांचा फोटो काढला तेव्हा मला राग आला, पण ते तरी परके होते. तुम्ही तर पोरांना रोज बघता, नावानं ओळखता. आणि गावच्या पोरांना कोणी अडवलंय, त्यांनी पण यावं, पाट रिकामा आहे. काकांचा चेहरा लाल झाला. पण ते हुशार आहेत, त्यांनी पोरांचा विषय सोडला आणि माझं जिथे दुखतं तिथे बोट ठेवलं. म्हणाले, "धवलारीन कुठं हाय? धवल्याबिगर हलद नाय, नुस्ता गोंगाट. धवलारीन दाखव, मांडव ठेव. नायतर शनवारी दोऱ्या मी सोरतो."

आणि बायकांनी पण माना हलवल्या आते. पुतळाबाईनेसुद्धा. कारण बरोबर होतं. चार हळदी झाल्या, एकदाही धवला गायला नाही कोणी. गाणार कोण? गावात दुसरी धवलारीण उरलीय कुठे. मग मी जे म्हटलं ते म्हटलं, आणि मुदत मिळाली शनिवारपर्यंत.

तर एवढीच हकीकत. मी तुला डावलून लग्न केलेलं नाही हे तुला कळावं म्हणून लिहिलं. मला तुझ्याकडून काही नको. ब्लॉक काढलास तर बरं, नाही काढलास तर मी कागद लिहीत राहीन, माझ्याकडे दोन दस्ते आहेत. तुझ्या लेकाला, निकेशदादाला, सांग मी विचारलंय. कोंबड्यांना सांभाळ. घरी सगळे तुझी आठवण काढतात, पप्पा तर तुझ्या नावाने दचकतातसुद्धा.

तुझीच हट्टी (हे तुझ्याकडूनच आलंय),
नमिता

ता. क. १. मुदत कशी मिळाली ते वर लिहायचं राहिलं. मी गावकीसमोर सांगितलं की शनिवारी गोजराआते येतेय. तुझं नाव घेतल्याबरोबर सगळे एकदम नीट बसले. शिवाकाका पहिल्यांदा खुर्चीत टेकले. मी काय करू, तुझं नावच तसं आहे.

ता. क. २. तो शनिवार म्हणजे काल. तू आली नाहीस. बरोबरच आहे, मी तुला विचारलंच नव्हतं, ब्लॉक होते. सव्वापाचला शिवाकाका दोन माणसं घेऊन मांडवाच्या दोऱ्या सोडायला आले. मी म्हटलं आते निघालीय, पाम बीच रोडला ट्रॅफिक आहे. सहा वाजेपर्यंत ट्रॅफिकच सांगत होते. पप्पा एका बांबूला धरून उभे होते, म्हणजे बांबू पप्पांना धरून उभा होता. एकेचाळीस पोरं गप्प. पेटी गप्प. तो भुताचा कीबोर्डसुद्धा गप्प. शिवाकाकांनी गाठीला हात घातला. आणि मागच्या रांगेतून काशी उठली, पेटी नाही, ताल नाही, डोळे मिटून तिने सुरू केलं:

पहिली हाक गो, खाडीचे पान्याला
येशील का पान्या, हलदीचे न्हान्याला
दुसरी हाक गो, शेताचे मातीला
येशील का माती, चुलीचे ज्योतीला

तुझा धवला, आते. तुझ्या हेलात, तुझ्या थांब्यात, 'गो' वर तू जिथे श्वास सोडतेस तिथेच श्वास सोडून. पुतळाबाईचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. काकांचा हात गाठीवर तसाच राहिला. मग काशी म्हणाली, तिसरी हाक गो, आणि थांबली. हाताचा तळवा उचलला, पेटीवर थाडकन आपटला, आणि डोळे मिटूनच, तुझ्या आवाजात, सुरात म्हणाली, "बंद कर तो डबा, भवाने."

शिवाकाकांनी गाठीवरचा हात काढला.

ता. क. ३. आता तुला कळलंच असेल. निकेशदादाच्या हळदीत तू गात होतीस आणि मी पदराआडून फोनवर रेकॉर्ड करत होते. तू बघितलंस, हळदीने भरलेला तळवा फोनवर मारलास, मला भवाने म्हणालीस आणि ते पुसून टाकायला सांगितलंस. मी टाकलं म्हटलं. टाकलं नव्हतं. माझ्या फोनचा स्पीकर अजून पिवळा आहे. क्लासच्या दुसऱ्या शनिवारी पोरांना गळा म्हणजे काय ते कळावं म्हणून मी ते एकदा ऐकवलं. काशीने मग जिन्यात बसून पन्नास वेळा ऐकलं. तिला वाटलं तळवा मारणं आणि भवाने म्हणणं हा धवल्याचाच भाग आहे.

खोटं बोलले त्याची माफी मागते. ठेवलं त्याची मागत नाही. तू म्हणशील धवले घराबाहेर जात नाहीत. मग घरात तरी कोणाकडे गेले? तुला मुलगी नाही. मी बेसूर. वहिनी (सॉरी वहिनी) घरात गायली तर कोंबड्या अंडी देत नाहीत. तुझ्याकडे तीनशे धवले आहेत, तोंडपाठ, एक अक्षर न लिहिलेले, आणि ते तुझ्याबरोबर घेऊन जायचा तुझा विचार आहे. टॉवरच्या सेक्रेटरीने म्हटलं, आवाज करू नका. काकांनी म्हटलं, परक्यांना देऊ नका. तू पण तेच म्हणणार असशील तर मग तुमच्या तिघांत फरक एवढाच की तू सरबत नाही दिलंस.

ता. क. ४. वरचं वाक्य जास्त झालं. खोडणार होते, पण राहू दे.

ता. क. ५. आता खरं काम. धवला अर्ध्यावर थांबलाय. तिसरी हाक मारली आणि कोणाला मारली तेच सांगितलं नाही. पुतळाबाई म्हणते, अशी हळद धुता येत नाही. कालपासून चाळीस बायका पिवळ्या फिरतायत, एकीनेही तोंड धुतलं नाही, बेकरीवाला सकाळी घाबरला. शिवाकाका मांडवातच बसले. मग म्हणाले की येत्या शनिवारी धवला पुरा झाला तर मांडव राहील, आणि पावसात क्लासला गावकीचा हॉल. नाही झाला तर रविवारी बांबू टेम्पोत. वर म्हणाले, "गला तर गोजराचाच हाय. पोर कोनाची हाय गो ही?" मी म्हटलं, आमच्या वरच्या खोलीतली. ते म्हणाले, एवढंच होय. आणि पाणी मागितलं.

पुढचं फक्त तुला येतं. फोनमध्ये नाही, माझ्या वहीत नाही, कुठेच नाही.

ता. क. ६. मी काशीला सांगितलं की आते परक्या पोरीला शिकवणार नाही, आशा ठेवू नकोस. ती म्हणाली, मग पुढचं मी बनवते. आज सकाळी जिन्यात बसून बनवलं. जसं आहे तसं लिहिते, तुझ्या धवल्यात असं नसणार हे मला माहीत आहे:

तिसरी हाक गो, कांद्याचे गाल्याला
येशील का बाबा, पोरीचे गान्याला
चवथी हाक गो, करावे गावाला
येशील का आते, आमचे मांडवाला

कांद्याच्या गाळ्यावरची तिसरी हाक तिने वडिलांसमोरच म्हणून दाखवली. ज्योतिबा जेवत होता. मघाशी हात धुऊन खाली येऊन मला विचारून गेला, शनिवारी किती वाजता.

आणि चौथी हाक. आते, तूच मला शिकवलंयस, मी सात वर्षांची असताना, खाडीच्या बांधावर. धवल्यात हाक मारली की यावंच लागतं. खाडीला पण. मी विचारलं होतं, नाही आली तर? तू म्हणाली होतीस, मग ती खाडी नाय, डबकं.

(ता. क. ७, फक्त वहिनीसाठी. काशीच्या त्या चार ओळी नुसत्या वाचून थांबू नकोस, गा. जमेल तशा, चुकीच्या. दुसऱ्या शब्दालाच आते तुला थांबवून बरोबर करायला लागेल. तेव्हा फोन काढायचा नाही. मी एकदा काढला होता, अर्धंच आलं. तिला चप्पल दे आणि रिक्षात बसव.)